पोरांनी जीव खाल्लेल्या दिवशी प्रार्थना सुचते का?

सायलीचा_वेल

सगळ्यांना नमस्कार, आणि जे आहेत त्यांना जय ख्रिस्त.

इथे ख्रिस्ती सभासद मोजकेच असतील, तरी विचारते. बाकीच्यांनीही जरूर लिहा. फक्त 'मुलं मोठी झाली की हेच दिवस आठवतात' असं लिहू नका, ते ऐकून कान किटलेत.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पिंपरीत. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो आणि घरात कुणी आवाज करायचा नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे समजावून दाखवा.

माहेरी रोज रात्री कौटुंबिक उपासना व्हायची. पप्पा पेटी काढायचे, 'उपासना संगीता'तलं एखादं गीत, शास्त्रवाचन, मग आईची प्रार्थना. आईच्या प्रार्थनेत सगळ्या नातेवाइकांची नावं यायची, त्यामुळे आम्ही मध्येच डुलक्या काढायचो. आता माझ्या घरात बायबल फ्रिजवर असतं, कारण खाली ठेवलं की धाकटी पानं खाते. स्तोत्रसंहितेचा एक कोपरा पोटात गेलेला आहे.

तर प्रश्न असा की वाईट दिवशी विश्वासाचा आधार नेमका घेता कसा? म्हणजे दुपारी साडेतीनला, दोघंही रडत असताना, कुकरची तिसरी शिट्टी होऊन आपल्याला पहिलीही ऐकू आलेली नसताना. वचनांचे फॉरवर्ड नकोत. ते मला रोज पहाटे गुलाबाच्या चित्रासकट येतात. बायकांच्या प्रार्थनासभेत बोलून पाहिलं, तर 'तू प्रार्थनेत कमी पडतेस' म्हणाल्या. त्यानंतर तिकडे बोलणंच बंद केलं.

अर्धा_कप_चहा

वाचतेय. उत्तर नाही माझ्याकडे, जुळी आहेत.

वसईची_मावशी

सायली, आम्ही वसईचे कॅथलिक, तेव्हा पद्धत थोडी वेगळी. आमच्याकडे संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची प्रार्थना. तिच्यात येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग येतात, त्यांना रहस्यं म्हणतात. माझी तीन पोरं लहान असताना ती कशी चालायची ते ऐक. थोरला पुढाकार घेणार, मधली मणी मोजताना भांडणार, धाकटा दुसऱ्या रहस्यापर्यंत माझ्या मांडीवर झोपलेला. सासूबाई डोळे मिटून म्हणत आणि न थांबता एका हाताने मधलीला चिमटा काढत. ऑक्टोबर महिन्यात आळीतल्या घरोघरी रोझरी फिरते, तेव्हा आमच्या घराची पाळी आली की मला घाम फुटायचा.

पण एक सांगते. मला जे शब्द स्वतःहून सुचत नव्हते ते रोझरीत तयार मिळायचे. डोकं बंद पडलेलं असलं तरी तोंड चालतं. भक्ती किती होती त्यात, देव जाणे. 'नमो मरिये' म्हणता म्हणता मी उद्या डब्याला काय द्यायचं ते ठरवत असायची.

आणि आनंदाच्या रहस्यांतलं पाचवं कोणतं, आठवून बघा. येशू मंदिरात सापडला ते. म्हणजे त्याआधी हरवला होता! बारा वर्षांचा पोरगा. यरुशलेमच्या सणाहून परतताना आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले, त्यांना वाटलं नातेवाइकांत असेल. मग परत फिरले, आणि तीन दिवसांनी सापडला. मरियामाय विचारते, बाळा, असं का वागलास? तर तो उलट विचारतो, माझा शोध का केलात? लूकने पुढे स्पष्ट लिहिलंय की आईबापांना त्याचं बोलणं समजलं नाही. आणि हे चर्चने आनंदाच्या रहस्यांत घातलंय. सोमवारी आणि शनिवारी ते आलं की मला अजून हसू येतं.

अर्धा_कप_चहा

पवित्र कुटुंबाचं मूल जत्रेत हरवतं हे वाचून आज पहिल्यांदा बरं वाटलं.

नगरी_नाना

सायली बेटा, तू आमच्या नगरची, म्हणून हक्काने लिहितो. आमची मंडळी जुनी, अमेरिकन मराठी मिशनच्या वेळची. तुझे पप्पा कदाचित ओळखीचेही निघतील. पेटी वाजवणारे नगरात चिक्कार.

ते फॉरवर्डवाले एक अध्याय कधी पाठवत नाहीत. बायबलातलं गणना पुस्तक, अध्याय अकरावा. इस्राएल लोक वाळवंटात मांसासाठी रडतायत, घरोघरी तंबूच्या दारात बसून. त्यांचा पुढारी मोशे वैतागतो आणि देवाला सरळ विचारतो की या लोकांना मी पोटात वाढवलं काय? मी यांना जन्म दिला काय? तान्ह्याला दाई उराशी धरते तसं यांना घेऊन जा म्हणतोस, ते का? आणि पुढे म्हणतो, असंच करणार असशील तर मला मारूनच टाक.

आता देवाने काय उत्तर दिलं? प्रार्थनेत कमी पडतोस असं नाही म्हणाला. सत्तर वडील गोळा कर म्हणाला, ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील.

तुझ्या मंडळीतल्या बायकांना हा अध्याय वाचायला सांग. आणि सत्तर नकोत, दोघी पुरे.

निष्ठावंत_७७

सर्वांचे प्रतिसाद वाचले. विनोद चालू आहेत, चालू द्या. पण खरे कोणी बोलत नाही. आजच्या आईवडिलांना मोबाइलला वेळ आहे, प्रार्थनेला नाही. आमच्या आई पहाटे चारला उठून गुडघ्यावर असत आणि आम्ही सात भावंडे होतो. मुले ऐकत नाहीत कारण घरात शिस्त नाही. नीतिसूत्रांत छडीबद्दल काय लिहिले आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

अर्धा_कप_चहा

पहाटे चारला मीही उठलेलीच असते हो काका. एक पितो, दुसरा उठतो, दुसरा पितो, पहिला उठतो. गुडघ्यावर बसले तर तिथेच झोप लागेल.

दोन_घास

निष्ठावंत काका, छडीचं नीतिसूत्र सगळ्यांना पाठ असतं. पौलाने इफिसकरांना लिहिलेलं, 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका', ते मात्र कुणाच्या भिंतीवर टांगलेलं मी पाहिलं नाही. कलस्सैकरांच्या पत्रात परत तेच, आणि तिथे कारणही दिलंय, की मुलं खिन्न होतील.

माझे वडील तुमच्यासारखेच. वचन चुकलं की पट्टी. बारा-पंधरा स्तोत्रं आजही झोपेतून उठवून विचारा, म्हणून दाखवेन. पण तेविसावं म्हणायला लागलं की अजून तळहात मिटतो माझा. मुलीला मी ते मुद्दाम शिकवलं नाही. ती संडे स्कूलमध्ये शिकून आली आणि आंघोळ करताना बादलीवर ताल धरून गाते.

निष्ठावंत_७७

आपल्या वडिलांबद्दल वाईट वाटले. माझा रोख मारहाणीवर नव्हता. शिस्तीवर होता.

पाळीवरची_सिस्टर

मी नर्स आहे, मिरजेच्या बाजूची, सध्या मुंबईत प्रसूती विभागात. सायली, तुझी मुलगी आठ महिन्यांची म्हणालीस म्हणून विचारते. नुसता थकवा आहे, की सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं, आपण नसलो तर बरं असे विचार, असंही काही आहे? बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या महिन्यातच येतं असं नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढतं. तसं असेल तर डॉक्टरला दाखव. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

विश्वास कमी म्हणून हा आजार होत नाही. पाळकांच्या घरातल्या बायकाही आमच्याकडे येतात.

बायबलातल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि दुसऱ्याच अध्यायात तो एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलिया खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला घालतो, म्हणतो पुढची वाट तुला झेपणार नाही. देव बोलतो त्याच्याशी, पण त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर.

वॉर्डात नव्या आईला मी आधी विचारते, जेवलीस का.

निष्ठावंत_७७

म्हणजे आता प्रार्थनेऐवजी गोळ्या?

पाळीवरची_सिस्टर

काका, ज्या कलस्सैकरांच्या पत्राचा वर उल्लेख झाला त्याच्याच शेवटच्या अध्यायात पौल 'प्रिय वैद्य लूक' यांचा सलाम कळवतो. वैद्य बरोबर घेऊन फिरायचा पौल. प्रार्थना करतच होता की.

चिंचेचं_बोटुक

लूक वैद्य विरुद्ध निष्ठावंत काका, १-०. (हलके घ्या.)

मस्कतची_वारी

आम्ही ओमानात. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मुख्य उपासनाही शुक्रवारी. भारतातून आई रविवारी सकाळी फोन करून 'चर्चला गेलात का' विचारते तेव्हा आम्ही ऑफिसात असतो. मराठी कुटुंबं थोडीच, पण उपासनेनंतर एका घरी जमतो आणि मुलं सगळ्यांची मिळून असतात. कोण कुणाला भरवतंय कळत नाही. आठवड्यातलं माझं एकमेव गरम जेवण.

सिस्टर, 'जेवलीस का' आवडलं.

नास्तिक_पण_प्रेमळ

धागा छान चाललाय. एक शंका, भांडण नको. सत्तर वडील, मस्कतची कुटुंबं, भाकर, झोप, डॉक्टर. या सगळ्यात काम माणसंच करतायत. मग मध्ये देव कशाला? सोसायटीत चांगला पाळणाघर-गट काढला तरी हेच होईल.

नगरी_नाना

होईल की. काढा. तुम्ही राहता कुठे?

नास्तिक_पण_प्रेमळ

वाकड.

नगरी_नाना

पिंपरीपासून किती लांब आहे ते? शनिवारी दोन तास सायलीची पोरं सांभाळायला जाता का?

नास्तिक_पण_प्रेमळ

नाना, हा वाद घालायचा प्रकार नाही. 😄 पण मुद्दा पोचला. (जायला हरकत नाही, पोरंच मला घाबरतात. दाढी.)

दोन_घास

नास्तिकराव, तुमच्या प्रश्नाला विनोदावारी न्यायला नको. माझ्यापुरतं सांगते. माणसं येतातच असं नाही. पाऊस असतो, त्यांची स्वतःची आजारपणं असतात. रात्री दोनला कुणाला फोन करणार? त्या वेळी 'कुणी तरी जागं आहे' एवढं पुरतं मला. ते सिद्ध करता येणार नाही, आणि तुम्ही मागितलंही नाहीत. आणि कधीकधी तेही वाटत नाही. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी वाचा, शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचाच आहे, कुठे दिलासा नाही. तसं स्तोत्रही आत ठेवलंय, काढून नाही टाकलं.

गप्प_बाबा

फारसा लिहीत नाही इथे. आज लिहितो.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. बोलतो थोडं. आमच्या चर्चमध्ये माइक, ढोलक, झांज, पेटी, सगळं जोरात. तो कान दाबून बाकाखाली जायचा. एकदा प्रभूभोजनाच्या वेळी, सगळे शांत, आणि हा जोरात रेल्वेची घोषणा म्हणायला लागला. प्लॅटफॉर्म क्रमांकासकट. मागची सगळी डोकी वळली. बाहेर आल्यावर एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'याच्यावर हात ठेवून प्रार्थना करून घ्या, काहीतरी लागलंय'. त्यानंतर आम्ही जाणं सोडलं. बायको घरी टीव्हीवर उपासना लावायची, मी भाजी आणायला जायचो.

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे, त्याच्या मुलाला झटके येतात. शिष्यांना जमत नाही, शास्त्री वाद घालत बसलेत. येशू येतो आणि आधी बापाला विचारतो, 'याला असं होऊन किती काळ झाला?' बाप सांगतो, बाळपणापासून. आमच्या मंडळीत हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं. मग तो बाप म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. माझी प्रार्थना तेवढीच आहे, आजही.

परत जायला लागलो ते चर्चच्या शिपायामुळे. रस्त्यात भेटला, म्हणाला, साहेब, पोराला अर्धा तास आधी घेऊन या, कुणी नसताना. नेलं. भिंतीवर गीत क्रमांकांचा लाकडी फळा असतो ना, त्याच्या खाचांत पत्र्याचे आकडे सरकवतात, तो त्याने मुलाच्या हाती दिला. वर चिठ्ठी धरली. मुलाने पाचही गीतांचे क्रमांक लावले, एक आकडा जरा तिरका होता तो काढून परत लावला. तेव्हापासून फळा त्याचा. उपासना सुरू झाली की तो आतल्या खोलीत बसतो, दार किलकिलं ठेवून, आणि गीत चालू असताना क्रमांक मोठ्याने म्हणतो. आता कुणी वळत नाही. मागे पाळकांनी घोषणेत चुकीचा क्रमांक सांगितला, तर आतून दुरुस्ती आली.

सायलीताई, दुपारी साडेतीनचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे साडेतीनला दिवस नुकता कुठे पेटायला लागतो.

वसईची_मावशी

गप्प बाबा, असेच अधूनमधून लिहीत जा.

तुळशीवृंदावन

पाहुणी म्हणून लिहिते. आमची आजी हरिपाठ म्हणत भाकऱ्या थापायची, मध्येच 'अरे मेल्या, विहिरीकडे जाऊ नकोस' आणि पुढची ओवी. मावशींची रोझरी वाचून तीच आठवली. गप्प बाबांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण आज मुलाला त्यानेच झोपवलं.

हरेगावची_लेक

आमच्याकडे श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामायची यात्रा भरते, सप्टेंबरात. जिल्ह्याबाहेरून लोक येतात, ख्रिस्तीच असं नाही. मला पहिलं मूल व्हायला वेळ लागला तेव्हा आईने नवस बोलला होता. झालं मूल. आता ते मूल सहावीत आहे आणि इतकं छळतं की आई म्हणते, जा आता मतमाउलीला सांग, तूच दिलंस, तूच आवर.

विनोद बाजूला. त्या गर्दीत मेणबत्ती घेऊन उभी असताना शेजारी एक म्हातारी होती. नातवासाठी आली होती, दारूच्या व्यसनासाठी. तिने माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, मी तिच्या नातवाचं नाव विचारून घेतलं. अजून घेते रोज.

नगरी_नाना

आम्ही प्रॉटेस्टंट, नवसबिवस आमच्यात बसत नाही. मरियेकडे मागणंही नाही. पण सौ. दर वर्षी शेजारणीबरोबर हरेगावला जाते आणि 'नुसती जत्रा बघायला' असं मला सांगते. येताना तिच्या पिशवीत मेणबत्त्यांची वेष्टनं असतात. मी विचारत नाही.

वसईची_मावशी

नाना, मरियामायने तुमचं घर आधीच धरलंय.

केडगावच्या_वाटेवर

धागा कुठून कुठे गेला! माझे वाचन जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांबद्दल जास्त, म्हणून थोडे अवांतर.

आपण पंडिता रमाबाईंचे नाव घेतो ते शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, बायबलचे भाषांतर यासाठी. त्या एकट्या आई होत्या हे विसरतो. १८८२ साली नवरा गेला तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. तिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तिथे १८८३ मध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे शिक्षण, दौरे, संस्था, आणि मध्ये मायलेकींची ताटातूट. नंतर तीच मुलगी त्यांच्या कामात उजवा हात झाली. आणि १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. 'विश्वास ठेवला की सगळे सुरळीत होते' असे जे सांगतात त्यांनी केडगावला जाऊन यावे.

मडगावकार

सगळी लहान मुलांची चर्चा. सतरा वर्षांच्या मुलाचं कुणी बोलेल का?

माझा मुलगा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येत नाही. गेल्या ईस्टरपासून. आधी पोटदुखी, मग अभ्यास, मग सरळ 'माझा विश्वास नाही, पप्पा, खोटं कशाला बसू?' आमच्या वाड्यावर क्रूस आहे, मे महिन्यात तिथे लदाइन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना म्हणतात, नंतर चणे आणि थोडी फेणी. लहानपणी चण्यांच्या द्रोणांची वाटणी त्याच्याकडे असायची. यंदा खिडकीतून बघत होता. माझी आई रडते. मला राग जास्त येतो, आणि मग रागाचीच लाज वाटते.

फादरांशी बोललो. त्यांनी संत मोनिकेचं सांगितलं. ऑगस्टीन तिचा मुलगा, हुशार, आणि आईला पुरता जेरीस आणलेला. आफ्रिकेहून रोमला जायचं होतं तर आईला थाप मारली, तिला किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात बसवून रात्रीच्या रात्री जहाजाने निघून गेला. ती पाठोपाठ इटलीत. एका बिशपाच्या ती इतकी मागे लागली, की माझ्या मुलाशी वाद घाला, त्याला समजवा, की तो कंटाळून म्हणाला, बाई, जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, बत्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ती गेली. दोघांचे सण लागोपाठ, ऑगस्टची २७ आणि २८.

मी म्हटलं, फादर, म्हणजे मी अजून पंधरा वर्षं थांबू? ते म्हणाले, तो बिशप वाद घालायला गेला नाही, एवढं लक्षात ठेव. तूही जाऊ नकोस.

सध्या रविवारी मी मिस्सा करून येताना पाव आणतो आणि दोघं न्याहारी करतो. फुटबॉलवर बोलतो. विषय काढत नाही. बरोबर करतोय का, कळत नाही.

निष्ठावंत_७७

मडगावकार, माझा धाकटा मुलगा बेंगळुरूला असतो. चर्च सोडून आठ वर्षे झाली. मी विषय काढत राहिलो. आता फोन त्याच्या आईला येतो. आपण न्याहारी चालू ठेवा.

मडगावकार

देव बरें करूं, काका.

चिंचेचं_बोटुक

वातावरण फार गंभीर झालं. सायलीताई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन नाताळचा फराळ कसा करणार, यावर कुणी बोला. आमच्याकडे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, सगळं दिवाळीसारखंच. शेजारचे म्हणतात, तुमची दिवाळी उशिरा येते.

वसईची_मावशी

आमच्याकडे फुगे. आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून कढईत सोडायचं, टम्म फुगतात. पोरांना लांब ठेवायचं असेल तर त्यांना फुगे मोजायला बसवा. मोजतात आणि खातात, हिशोब कधी जुळत नाही.

अर्धा_कप_चहा

या वर्षी विकतचा केक. प्रभू समजून घेईल, सासूबाई घेणार नाहीत.

सायलीचा_वेल

सगळ्यांचे प्रतिसाद दोन रात्री पाजता पाजता वाचले. एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

सिस्टर, तुम्ही विचारलेल्यांतल्या दोन गोष्टी माझ्यात आहेत. कोणत्या ते इथे लिहीत नाही. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद दाखवला, सोमवारची वेळ घेतलीय. तो म्हणाला, तू बोलली का नाहीस? मी म्हटलं, तू झोपलेला होतास. मग आम्ही दोघंही हसलो, म्हणजे आधी मी रडले, मग हसलो.

नाना, पप्पांचं नाव इथे लिहीत नाही, पण सावेडीत पेटी वाजवणारे म्हटलं तर ओळखाल. सत्तर वडिलांचं मी फारच मनावर घेतलं. मंडळीच्या तरुण संघातल्या दोन मुलींना विचारलं. बारावी झालेल्या, रिकाम्याच होत्या. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी येतील. काल एक आली. तिने थोरल्याला बाहुल्या करून दाविद आणि धिप्पाड गल्याथची गोष्ट शिकवली, आता तो बहिणीला गल्याथ समजतोय. मी तेवढ्या वेळात झोपले. प्रार्थना केली नाही, सरळ झोपले.

साडेतीनचं मात्र अजून सुटलेलं नाही. मावशींसारखे तयार शब्द माझ्याकडे नाहीत, आमच्यात रोझरी नसते. काल दोघं एकदम सुरू झाली तेव्हा पप्पा पेटीवर म्हणायचे ते एक गीत आपसूक तोंडात आलं, ध्रुपदच फक्त, कडवी आठवेनात. तेच तेच म्हणत राहिले. धाकटी थांबली नाही. थोरला म्हणाला, मम्मी, दुसरं गाणं लाव.

नगरी_नाना

सावेडी? पांढरा सदरा, डाव्या हाताने भाता? अगं, मग मी तुझ्या बाप्तिस्म्याला जेवलोय!

कडवी पप्पांना विचार. फोनवर गाऊन घे आणि साडेतीनला तेच लाव. पोरगं दुसरं गाणं लाव म्हणालं तरी आजोबांचा आवाज आहे, ऐकेल.

नास्तिक_पण_प्रेमळ

शनिवारचं माझं नक्की आहे बरं का. दाढी काढतोय.

पिवळी_छत्री

नवीन सभासद आहे, उशिरा आले. धाग्याशी संबंधित आहे म्हणून इथेच विचारते. मी ख्रिस्ती, नवरा हिंदू, रजिस्टर लग्न. मुलगी तीन वर्षांची. झोपताना मी प्रभूची प्रार्थना म्हणते, सासूबाई शुभं करोति म्हणतात, आणि ती दोन्ही एकत्र करून भलतंच काहीतरी म्हणते. घरात कुणाला हसू येतं, कुणाला राग. असं कुणाकडे आहे का?

वसईची_मावशी

काय म्हणते ते आधी लिही.

नगरी_नाना

यावर वेगळा धागा काढ बेटा, इथे भांडण जुंपेल. मावशींना उत्तर देऊन मग काढ.